चुळबुळेची टेप

चुळबुळे हे काही त्याचं खरं आडनाव नव्हतं. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागला त्या आठवड्यातच ते त्याला चिकटलं, आणि असं चपखल बसलं की पुढे पगाराच्या खिडकीतूनही त्याला त्याच नावाने हाक यायला लागली. माणूस एका जागी टिकायचाच नाही. बसला तर पाय हलायचा, पाय आवरला तर बोटं टेबलावर ताल धरायची, आणि दोन्ही दाबून ठेवले तर डोळे तरी खोलीभर भिरभिरायचे. लग्नाआधी बायकोला पहिल्यांदा भेटायला गेला, तेव्हा टेबलाखाली त्याचा पाय असा काही चालू होता की तिच्या कपातला चहा बशीत सांडला. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, कप उचलून हातात धरला आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवलं. लग्न करीन तर हिच्याशीच, हे त्याने तिथेच ठरवून टाकलं.

लिफ्टच्या कामात मात्र या स्वभावाचं सोनं झालं. ज्याला सगळ्याची धास्ती वाटते अशाच्या हातात लिफ्ट द्यावी, म्हणजे लोक सुखरूप घरी जातात. ब्रेक तपासून झाला, मशीनरूमला कुलूप लागलं, की हा अर्ध्या जिन्यातून परत वर. त्याचा कान तर सगळ्या कंपनीत गाजलेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, हे बेअरिंग आता फार दिवस काढत नाही. ते खरंच काढायचं नाही. त्याच्या जोडीला वस्ताद असायचे. वस्ताद म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने मेकॅनिक, निवृत्तीला टेकलेले. बंद पडलेल्या लिफ्टपर्यंत पोचायला जिना चढावा लागतो म्हणून प्रत्येक मजल्यावर थांबून मालकाला, मोटरीला आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालणारे. ते म्हणायचे, "चुळबुळे, तू मेल्यावर तरी पडून राहशील ना रे एका जागी?"

बायको स्वेटरच्या कारखान्यात होती. बाह्या जोडायच्या मशीनवर उभ्याने काम. उभं राहून राहून तिच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या, आणि घरी आली की ती आधी पाय उशीवर ठेवून पडायची. पण तिचा खरा जीव नक्षीत. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने एकेक चौकोन भरत ती स्वेटरच्या नक्ष्या काढायची: पानं, पक्षी, नागमोडी पट्टे, काय वाटेल ते. कारखान्याने डिझाइन विभागातले जुने कॉम्प्युटर काढून टाकले तेव्हा तिने त्यातला एक घरी आणला. नक्ष्यांचा प्रोग्राम त्याच्या पोटात तसाच होता. वर्षभर रोज संध्याकाळी बसून ती तो शिकली. मग एक दिवस धीर करून तिने चार नक्ष्या डिझाइनच्या साहेबांना दाखवल्या. साहेबांनी त्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाले, "हिवाळ्याचा अख्खा संच करून आणा. पसंत पडला तर विभागातलं खिडकीजवळचं टेबल तुमचं."

ते टेबल तिने पाहिलेलं होतं. त्याला खुर्ची होती. घरी येऊन तिने सगळ्यात आधी खुर्चीचंच सांगितलं.

त्या दिवसापासून चुळबुळेच्या जिवाला घोर लागला. काम बायकोचं, मुदत बायकोची, आणि तोंडचं पाणी पळालं याचं. ती आपली शांतपणे एकेक नक्षी पुरी करायची. पुरी झाली की ती सुयांवर हाताने विणूनही बघायची, नक्षी एकदा पुरती बसेल एवढा लोकरीचा चौकोन. पडद्यावर रंग एक दिसतात आणि लोकरीत भलतेच, असं तिचं म्हणणं. आता एवढे चौकोन टाकून कोण देणार? तिने ते जोडायला सुरुवात केली आणि त्यांचा नवऱ्यासाठी स्वेटर व्हायला लागला. आधी पाठ झाली, मग पुढची बाजू, मग एक बाही. दर रविवारी एखादा चौकोन वाढायचा. मशीनरूममध्ये गार वारं असायचं, त्यामुळे चुळबुळे दुसऱ्या बाहीची वाट न बघता तो तसाच घालून कामावर जायला लागला. एका हाताला बाही, दुसरा हात मोकळा, अंगावर पक्षी आणि पानं यांची नुसती गर्दी. वस्तादांनी त्याला नाव दिलं गोधडी.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण एका संध्याकाळी चुळबुळे भाजी चिरता चिरता थांबला. कॉम्प्युटरमधून आवाज येत होता. टक. मग थोडा वेळ काही नाही. मग परत टक.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"काय?" बायकोने पडद्यावरून नजर काढली नाही.

त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक कॉम्प्युटरच्या डब्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बायको हसली, पण तो मूठ कानापासून काढेना. हार्डडिस्क जुनी होती, कारखान्यात कित्येक वर्षं फिरून आलेली, आणि आता तिचं बेअरिंग बोलायला लागलं होतं. तिच्यात बायकोचा अख्खा हिवाळा होता. प्रोग्राम सगळा संच एकाच भल्यामोठ्या फाइलीत ठेवायचा, आणि ती फाइल कुठल्याही फ्लॉपीत मावायची नाही. छपाई तिने शेवटी एकदम करायची ठरवली होती, कारण एकेक नक्षी छापायला प्रिंटर करकर करत चांगला अर्धा तास खायचा. म्हणजे डिस्क गेली की सगळं गेलं, टेबल गेलं, खुर्ची गेली.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. दुकान एक बाई चालवायच्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, काउंटरवर कायम कुठलं तरी मशीन उघडं पडलेलं, आणि बोलणं मोजकं. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला टेप ड्राइव्ह पाहिजे. गाण्याच्या कॅसेटसारखी टेप असते. डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवून ठेवायचं."

त्यांच्याकडे तीन तऱ्हेचे ड्राइव्ह होते. एक कॉम्प्युटरच्या आतच बसायचा, फ्लॉपीच्या वायरीवर जोडायचा. स्वस्त, पण चाल गोगलगायीची. दुसरा बाहेर टेबलावर ठेवायचा, प्रिंटरच्या जागी लावायचा. उचलून कुठेही नेता यायचा. तिसरा महाग. तो झपाट्याने लिहायचा आणि लिहिलेलं लगेच स्वतःच वाचून खात्री करून घ्यायचा.

"ड्राइव्ह कुठलाही न्या," बाई म्हणाल्या. "तिन्ही चांगले आहेत. टेपा मात्र निदान तीन घ्या, आणि आलटूनपालटून वापरा."

"ते झालंच हो," चुळबुळे म्हणाला. "पण या पहिल्याची मोटर अशी का घरघरते?"

झालं. पुढचे कित्येक दिवस चुळबुळेने त्या दुकानाचा उंबरठा झिजवला. आज पहिला ड्राइव्ह चालवून दाखवा, उद्या दुसरा. बाईंनी बिचाऱ्यांनी दाखवले. हा काउंटरवर ओणवा होऊन स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकायचा, आणि दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपापली कामं विसरून त्याच्याकडे बघत राहायची. पहिला स्वस्त म्हणून त्याला पसंत पडायचा, पण रात्रभरात घरघर आठवून मन फिरायचं. दुसरा उचलून नेता येतो हे चांगलं, पण जे उचलता येतं ते पडूही शकतं. तिसऱ्याला दोष म्हणून नव्हता, पण दोष नाही याचीच त्याला शंका यायची. माहितीपत्रकं त्याने इतकी हाताळली की घड्यांवर फाटली. कामावर केबिनच्या टपावर बसून तो वस्तादांना वेगाचे आकडे वाचून दाखवायचा, आणि वस्ताद म्हणायचे, "बाबा रे, त्यात माणसं बसणार आहेत का?"

बायकोने थोडे दिवस ऐकून घेतलं. मग एकदा जेवताना म्हणाली, "अहो, लग्न ठरवताना सुद्धा तुम्ही एवढा विचार केला नव्हता."

"लग्नात मोटर नव्हती," तो म्हणाला.

इकडे टक टक चालूच होती. कधी वाढायची, कधी थांबायची, आणि थांबली की चुळबुळेला जास्तच भीती वाटायची. बायको चित्र काढत असली की हा मागे येरझाऱ्या घालायचा. ती म्हणायची, बसा हो जरा, माझे चौकोन चुकतात. हा बसायचा आणि त्याच्या पायाने टेबल हलायचं. शेवटी ती म्हणायची, त्यापेक्षा चालाच.

एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. बायकोने बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. कुठे तिसऱ्या खेपेला पडदा उजळला. तिने नुसतं "हं" म्हटलं आणि डबा भरायला लागली. चुळबुळे मात्र चपला घालून जो निघाला तो थेट दुकानात. दुकान नुकतं उघडत होतं.

"तिसरा द्या," तो म्हणाला. "लिहिलेलं वाचून बघणारा."

बाईंनी खोकं काढलं, आणि त्याच्यावर दोन टेपा ठेवल्या.

"आत एक आहे ना?" चुळबुळेने विचारलं.

"आहे. पण एकीवर भागत नाही."

"पुढच्या महिन्यात नेतो." खिसा तर रिकामा झालाच होता, पण तेवढंच कारण नव्हतं. इतका चांगला ड्राइव्ह घेतल्यावर टेपांची काय ती काळजी, असं त्याला मनापासून वाटत होतं. बाईंनी दोन्ही टेपा परत कपाटात ठेवल्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

ड्राइव्ह बसला आणि घरात थोडे दिवस सुख आलं. म्हणजे चुळबुळेला सुख आलं, कारण त्याच्या हाताला उद्योग मिळाला. सकाळी कामावर जाण्याआधी तो टेप आत सरकवायचा. पडद्यावर प्रश्न यायचा, टेपवरचं जुनं पुसायचं का? हा 'हो'ची कळ दाबायचा. मग ड्राइव्ह गुणगुणत डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायचा आणि टेपवर उतरवायचा. संध्याकाळी घरी आला की बूट काढायच्या आधी तेच. बायकोने एक पान जरी रंगवलेलं असलं तरी पुन्हा टेप. मधे ती चहा करायला उठली की तेवढ्यात अजून एकदा. ती परत येऊन उभी राहायची, कप हातात, आणि ड्राइव्ह संपायची वाट बघायची.

"अहो, डिस्क जुनी आहे म्हणता ना," ती एकदा म्हणाली. "मग तिला असं दिवसातून दहादा पळवता कशाला?"

"म्हणूनच तर!" तो म्हणाला.

संच सोमवारी द्यायचा होता. गुरुवारी बायकोने अर्धी रजा काढली आणि शेवटची नक्षी पुरी केली. संध्याकाळी चुळबुळे दारात आला तेव्हा ती खुर्ची वळवून दाराकडे तोंड करून बसली होती. असं ती कधी बसायची नाही.

"अहो, झालं. बघा तरी."

चुळबुळेचं लक्ष तिच्याकडे नव्हतं, पडद्याकडेही नव्हतं. त्याचे कान डिस्ककडे लागले होते. टक टक नव्हती. कसलाच आवाज नव्हता.

"कधीपासून बंद झालंय?" त्याने विचारलं.

"काय बंद झालंय? बघा ना इकडे. मग छापायला लावते."

"आधी टेप," तो म्हणाला. "टेप झाली की बघतो. पाच मिनिटं थांब."

त्याने वाकून तिच्या खांद्यावरून हात घातला, नक्षी बंद केली, टेप आत सरकवली. प्रश्न आला, पुसायचं का. त्याने 'हो' दाबलं. ड्राइव्ह गुणगुणला, टेप मागे गेली, पुसून निघाली आणि पुन्हा भरायला लागली. चुळबुळे उभ्याउभ्याच बूट काढत होता. एक बूट निघाला होता तेवढ्यात डब्यातून खर्र असा आवाज आला, पाटीवर खडा ओढल्यासारखा. मग दोन टक. मग काहीच नाही. ड्राइव्हसुद्धा गप्प झाला.

त्याने सगळं करून बघितलं. बंद केला, सुरू केला, डबा उघडला, डिस्कला कान लावला. डिस्क फिरतच नव्हती.

"असू दे," बायको म्हणाली. "टेपवर आहे ना?"

चुळबुळे हातात एक बूट धरून उभा होता. टेपवर काल होतं. आज सकाळी होतं. मघाशी, तो दारात आला तेव्हासुद्धा होतं.

"पुसली," तो म्हणाला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खुर्ची पुन्हा सरळ केली, काळ्या पडद्यासमोर थोडा वेळ बसली, आणि उठून आत गेली. जेवण तिने रोजच्यासारखं वाढलं. पाय उशीवर घेऊन ती पडली तेव्हा चुळबुळे बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. येरझाऱ्या घालायचीही त्याला लाज वाटत होती.

सकाळी तो निघताना ती म्हणाली, "तुमची गोधडी कुठे आहे?"

"कुठली गोधडी?"

"चौकोनांची हो. माझ्या नक्ष्यांची."

तो खुंटीकडे धावला. खुंटीवर त्याचा रेनकोट होता, पिशवी होती, गोधडी नव्हती. सोमवारी त्याने ती घातली होती, एवढं पक्कं. त्यानंतर हवा तापली आणि कुठल्या तरी इमारतीत त्याने ती काढून कशावर तरी टाकली. कुठल्या ते काही केल्या आठवेना. एका ठिकाणी धड उभा राहिला असता तर आठवलं असतं.

त्या दिवशी नेमकं दोर बदलायचं काम होतं. मशीनरूममध्ये वस्ताद नेहमीप्रमाणे धापा टाकत पोचले आणि नेहमीचंच विचारलं, "साखळी लागली का?" दोर बदलायचे तर आधी केबिन जाड साखळीने तुळईला टांगतात, मग पहिल्या दोराला हात लावतात. चुळबुळेने हे स्वतः कितीतरी नव्या मेकॅनिकांना ओरडून शिकवलं होतं. तो पाना हातात घेऊन दोरांकडे बघत राहिला. चांगले सहा दोर, एकेकटा केबिन पेलेल असा, आणि तरी वर साखळी.

"वस्ताद," तो म्हणाला, "माझ्याकडे एकच टेप होती."

मग त्याने सगळं सांगितलं. दुकानातल्या बाई, तीन टेपा, 'हो'ची कळ, सगळं. वस्तादांनी ऐकून घेतलं. ते एरवी चुळबुळेला चिडवायची एक संधी सोडायचे नाहीत, पण आज त्यांनी नुसता कपाळावरचा घाम पुसला.

"म्हणजे नवा दोर बांधायला तू रोज जुना सोडत होतास," ते म्हणाले. "आणि वर साखळी नाही."

"नाही."

"दिवसातून दोनदा?"

"जास्तच." चुळबुळेला रडू यायला लागलं होतं. "बायकोने मला नीट सांगितलं होतं हो. त्या बाईंनीही सांगितलं होतं. मी मोटरीचे आवाज ऐकत बसलो."

मग त्याने गोधडीबद्दल विचारलं, आणि वस्तादांचा चेहरा पडला. ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले. मंगळवारी बँकेच्या इमारतीत काम होतं, फरशीवर ग्रीसचा डबा ठेवायला काही नव्हतं, तिथे एक बाहीवालं काहीतरी पडलेलं दिसलं...

"अरे, मला वाटलं तू टाकून दिलंस," ते म्हणाले. "कोण घालतं रे एका बाहीचं?"

जेवणाच्या सुट्टीत चुळबुळे बँकेच्या इमारतीकडे पळत गेला. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता म्हणून जिन्याने चढला. मशीनरूमच्या कोपऱ्यात डबा होता आणि डब्याखाली गोधडी. पाठीच्या दोन चौकोनांवर काळाकुट्ट ग्रीस मुरला होता. त्याने ती उचलली, झटकली, छातीशी धरली आणि तशीच घेऊन खाली आला. लोक बघत होते. शर्टाला डाग पडले होते.

दुकानातल्या बाईंनी त्याच दिवशी नवी डिस्क बसवून दिली. अर्ध्यावर भरायची थांबलेल्या टेपमधून काय निघतं ते बघायला त्या बराच वेळ बसल्या, आणि प्रोग्राम तेवढा निघाला. तो टेपच्या सुरुवातीलाच उतरला होता. संचाची फाइल पुढे होती, तिथपर्यंत टेप पोचलीच नव्हती. मी सांगितलं होतं, असं बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. चुळबुळेने स्वतःच दोन टेपा मागितल्या, उधारीवर, आणि त्यांनी दिल्या.

शनिवारी सकाळपासून दोघं बसली. बायको कॉम्प्युटरसमोर, चुळबुळे शेजारी स्टुलावर, मांडीवर गोधडी. त्याने टाके मोजून वाचायचे आणि तिने चौकोन भरायचे.

"दोन निळे. एक पांढरा. तीन निळे. एक... थांब. एक पांढरा."

"पाय," बायको म्हणाली.

त्याने पाय थांबवला. पाय हलला की मांडी हलायची, मांडी हलली की टाके निसटायचे आणि ओळ पहिल्यापासून धरावी लागायची. दोनदा तसं झालं. मग त्याने दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीत अडकवून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा चुळबुळे तासन्‌तास एका जागी बसला, आणि ते किती कठीण असतं ते त्यालाच माहीत. पाठीला रग लागली, बोटं शिवशिवली, डोळ्यांसमोर निळे आणि पांढरे नाचायला लागले. ग्रीसच्या चौकोनांपाशी तो अडला. रंगच ओळखू येईनात. बायकोने गोधडी त्याच्या मांडीवर उलटी केली. मागच्या बाजूला पुढच्या टाक्यात न वापरलेल्या रंगाचे धागे आडवे पडलेले होते, आणि तिथपर्यंत ग्रीस फारसा पोचला नव्हता.

"मागून वाचा," ती म्हणाली. "उजवीकडून डावीकडे. आडवा धागा निळा, तर टाका पांढरा."

त्याने मागून वाचलं. रविवारी संध्याकाळी बाहीचा शेवटचा चौकोन वाचून झाला. पुढे दुसरी बाही नव्हतीच.

"आणि ती?" त्याने विचारलं. "गुरुवारची?"

"ती अजून विणायची होती," बायको म्हणाली, आणि प्रिंटरला कागद लावायला उठली.

सोमवारी साहेबांनी संच बघितला. एक कमी आहे का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, एक राहिली. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तिला टेबल मिळालं, खुर्चीसकट. घरी येऊन ती नेहमीसारखी पाय उशीवर घ्यायला गेली आणि मधेच थांबली. पाय दुखत नव्हते. दोघंही हसली, आणि चुळबुळेने तिला जवळ घेतलं.

आता त्याच्याकडे तीन टेपा होत्या. एक घरी, एक तिच्या कारखान्यातल्या खणात, एक वस्तादांच्या हत्यारांच्या पेटीत. वस्तादांना त्या टेपची इतकी धास्ती की पेटी उघडताना ते आधी ती काढून खिशात ठेवायचे. आठवड्याला एक टेप, एवढंच. 'हो'ची कळ बायको दाबायची.

पण गुरुवारची नक्षी चुळबुळेच्या डोक्यातून जाईना. पुन्हा काढ ना, असं तो तिला म्हणायचा. तिने दोनदा काढून बघितली आणि दोन्ही वेळा पुसून टाकली. तो विचारायचा, पक्षी होते का? पानं होती का? ती म्हणायची, होतं काहीतरी. पहिल्या वेळी तिने टाळलं, दुसऱ्या वेळी टाळलं, पण चुळबुळे तो. एका संध्याकाळी चहा घेताना त्याने पुन्हा विषय काढलाच.

"पण मला एक कळत नाही," तो म्हणाला. "तू तर दुपारपासून घरी होतीस. नक्षी झाली होती. मी येईपर्यंत ती एक तरी छापायला लावायची होतीस. कागदावर राहिली असती."

"लावणार होते," ती म्हणाली.

"मग?"

तिने कप खाली ठेवला. "छापलं की रंग मरतात. पडद्यावर फार सुंदर दिसत होती. म्हटलं, तुम्ही आधी तिथे बघा, मग छापू. म्हणून तशीच ठेवून बसले होते."

टेबल हलत नव्हतं. तिने टेबलाखाली वाकून बघितलं. त्याचे दोन्ही पाय फरशीवर टेकलेले होते, अगदी स्थिर.

"हलवा हो," ती म्हणाली. "मला नाही बघवत."